नेल्ट्ये, बाहेरून

दर अडीच मिनिटांनी हँडल.
आकाश सरकतं, म्हणून तबकडीही सरकवायची,
बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही.
जर्मन जाताना हे रडार मागे टाकून गेले.
आधी ते विमानं हुंगायचं,
आता हायड्रोजन हुंगतं.
खोपटात येत्स्के बसते, अंगात दोन स्वेटर,
कागदावरची पेनाची थरथर बघत.
रेष वर चढली की म्हणते, "हार्मेन, आला बघ एक ढग."
मी बाहेर डोकावतो.
कोटवाइकचा माळ, धुकं, मेंढ्यांचा ओला वास.
ढग कुठला?
"पंधरा हजार वर्षांपूर्वीचा," ती म्हणते
आणि थर्मासचं झाकण फिरवते.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, हे कशासाठी.
नकाशा काढायचाय, दुधाच्या वाटेचा.
वरून कशी दिसते, त्याचा.
वरून म्हणजे कुठून?
तिने छताकडे बोट केलं, मग स्वतःच हसली.
तिथे कुणी गेलेलं नाही. आत बसूनच काढायचा.
ढग येतोय की लांब जातोय
ते त्याच्या सुरावरून कळतं,
उरलेली आकडेमोड.
धुक्यात भोंगे ऐकून बंदर ओळखतात, तसं?
"तसंच," म्हणाली. पण वहीत लिहून घेतलं नाही.

धुकं मला कळतं. माझा जन्म बोटीवरचा.
सहा वर्षांचा होईपर्यंत नेल्ट्ये मला आतूनच ठाऊक:
बटाट्यांचा वास मारणारं तिचं पोट,
शिडीची तिसरी, सैल पायरी,
बाबा खोकले की हलणारी फळी.
धक्क्यावर उतरलो तरी पाठ फिरवून पळायचो, दुकानाकडे.
तिला बाहेर असतं
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग एका ऑक्टोबरात, झ्वोलेच्या अलीकडे,
एका बादलीपायी मी पाण्यात पडलो.
वर आलो, नाकातोंडात चिखल,
आणि ती समोरून चालली होती.
हिरवी.
ती हिरवी आहे, मला कुणी बोललं नव्हतं.
आणि केवढी बुटकी!
पिवळ्या अक्षरांतलं एक बाबांनी उलटं रंगवलेलं.
दोरीवर माझी विजार, वाऱ्याने पाय हलवत,
जणू मी तिथेच आहे.
खिडकीत दिवा होता. खिडकीत मी नव्हतो.
ओरडायचं राहूनच गेलं.
आईने आकड्याने कॉलर धरून ओढलं,
आधी मुस्कटात दिली, मग दूध तापवलं.

वसंतात येत्स्केने लायडनहून नकाशा आणला,
चार मगांखाली दाबून टेबलावर पसरला.
काळे पट्टे, वळत गेलेले,
बंधाऱ्याचं दार उघडल्यावर पाणी वळतं तसे.
मधूनच एक पाचर कोरी, केक कापून नेल्यासारखी.
"तिथले ढग आपल्यासमोरून आडवे जातात," ती म्हणाली,
"सूर बदलत नाही. काही सांगता येत नाही त्यांचं."
मला ती पाचरच जास्त खरी वाटली, का कोण जाणे.
आणि आपण?
तिने पेन्सिलीचं टोक टेकवलं.
मला पावाचा कण वाटला, मी झटकायला गेलो.
टिंब होतं ते.
वाकून बघत राहिलो. रंग कुठेच नव्हता.
"हिरवी असेल का गं?"
"हार्मेन," ती म्हणाली, "हँडल."

बाहेर आलो. धुकं निवळलं होतं.
हात गार लोखंडावर,
आणि वर ती, आतून दिसते तेवढीच,
एक लांब, फिकट फळी.
तिकडे कुणीतरी पाण्यात पडलेलं असू दे,
नाकातोंडात चिखल, ओरडायचं विसरलेलं.
आमच्या दोरीवर काय वाळतंय
ते त्याला दिसू दे.